लाल रेघ

सोमवार, २८ ऑक्टोबर २०२४. पुणे.

सकाळी ६:१५

आज वसुबारस. आई उंबऱ्यापाशी गाय-वासराची रांगोळी काढते आहे. माझी दिवाळीची रजा आजपासून सुरू झाली आणि तिचा पहिला दिवस मी माझ्या प्रोग्रॅमसाठी राखून ठेवला आहे. गेले तीन महिने रात्री जागून तो लिहिते आहे. शेअर बाजारातले रोजचे बंद भाव घ्यायचे आणि बाजाराची चाल पाहून स्वतःचा वेग बदलणारी चल सरासरी काढायची, एवढंच त्याचं काम. वापरणारे सध्या दोघंच, मी आणि बाबा.

मुळात तो निघाला बाबांच्या वहीतून. आठ निवडक शेअर, प्रत्येकाला एक पान, रोजचा भाव आणि शेजारी कॅल्क्युलेटरवर काढलेली वीस दिवसांची सरासरी. बाबांची तक्रार जुनी आहे : भाव पळाला की सरासरी मागे राहते, आणि भाव जागच्या जागी नाचला की तीही त्याच्यासोबत डुलते.

सकाळी ७:३०

या तक्रारीवर लोकांनी बराच विचार केलेला आहे. तुषार चांदे यांनी १९९२ मध्ये चढउतारांनुसार वेग बदलणारी सरासरी मांडली. पेरी कॉफमन यांची पद्धत १९९५ च्या ‘स्मार्टर ट्रेडिंग’ या पुस्तकात आहे. मी कॉफमन यांची घेतली, कारण ती बाबांना कागदावर समजावता आली.

पहिला प्रश्न असा : दहा दिवसांत भाव एकूण किती चालला आणि त्यातून प्रत्यक्षात किती पुढे सरकला? समजा, शेअर १०० वरून ११० वर गेला आणि रोजच्या वरखाली हालचालींची बेरीज १४ रुपये भरली. १० भागिले १४, म्हणजे ०.७१. चाल बरीच सरळ आहे. दुसरा शेअर १०० वरून १०२ वर आला, पण त्यासाठी २४ रुपयांची पायपीट केली. २ भागिले २४, म्हणजे ०.०८. हा नुसताच घुटमळतोय.

या गुणोत्तरावरून सरासरीचा वेग ठरतो. चाल अगदी सरळ असेल तर दोन दिवसांच्या सरासरीचा वेग, अगदीच गोंधळ असेल तर तीस दिवसांच्या सरासरीचा. मग त्या वेगाच्या आकड्याचा वर्ग करायचा, म्हणजे गोंधळात सरासरी जवळजवळ थांबून राहते. पहिल्या शेअरच्या बाबतीत ती भाव आणि कालची सरासरी यांच्यातलं २४ टक्के अंतर एका दिवसात कापते, तर दुसऱ्याच्या बाबतीत जेमतेम सव्वा टक्का.

सकाळी ९:१५

बाजार उघडला. रिलायन्सच्या एकास एक बोनसची आज रेकॉर्ड तारीख. शुक्रवारी साधारण २,६५५ रुपयांवर बंद झालेला शेअर आज १,३३० च्या आसपास उघडला. कुणाचा एक पैसाही बुडालेला नाही, कारण ज्याच्याकडे दहा शेअर होते त्याचे आता वीस झाले.

बोनस आज आहे हे मला ठाऊक होतं. माझी सरासरी त्याच्याशी कशी वागेल हे मात्र मी पाहिलेलं नव्हतं. म्हणून चालू भाव हाच आजचा बंद भाव आहे असं धरून प्रोग्रॅम चालवला. सरासरी एका दिवसात ५०० रुपयांहून जास्त खाली आली. शेजारी तपासणीसाठी ठेवलेली साधी वीस दिवसांची सरासरी शंभर रुपयांच्या आतच घसरली.

मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. साधीपेक्षा शहाणी म्हणून जिच्यावर तीन महिने घालवले, तीच पाचपटीहून जास्त फसली होती.

सकाळी १०:३०

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. दहा दिवसांची एकूण पायपीट म्हणजे आजची तेराशे रुपयांची उडी आणि आधीची थोडीशी हालचाल. त्यामुळे गुणोत्तर ०.९ च्या वर गेलं. एवढी सरळ, एवढी ठाम चाल म्हणजे नक्की कल आहे, असं तिने मानलं आणि ती धावत सुटली. साध्या सरासरीला अशी समजच नाही, ती सगळ्या दिवसांना सारखंच वजन देते. जी सरासरी ऐकून वागते, तिच्या कानावर खोटं पडलं तर ती जास्त भरकटणारच. म्हणजे सूत्रात सुधारण्यासारखं काही नाही. सूत्रापर्यंत काय पोचू द्यायचं, हे खरं काम आहे.

मग उरलेल्या कच्च्या जागाही शोधायला बसले. फारसे सौदे न होणाऱ्या एखाद्या शेअरचा भाव दहा दिवस हललाच नाही तर शून्याला शून्याने भागायची वेळ येते. तिथे गुणोत्तर शून्य धरायचं, सरासरी जवळजवळ आहे तिथेच थांबेल. सुट्ट्या मोजायच्या नाहीत, फक्त व्यवहाराचे दिवस धरायचे. येत्या शुक्रवारी मुहूर्ताचे सौदे आहेत, संध्याकाळी एकच तास. त्याचाही बंद भाव निघतो, म्हणून तोही एक दिवस धरायचा.

सुरुवातीचाही प्रश्न आहे. आजची सरासरी कालच्या सरासरीवरून निघते, तेव्हा पहिला आकडा कुठूनतरी धरावाच लागतो. बाजार सतत घुटमळत राहिला तर त्या धरलेल्या आकड्याचा निम्मा अंश जायला सुमारे १६६ दिवस लागतात. म्हणून प्रोग्रॅम आता आधीच्या दोन वर्षांचे भाव मुकाट्याने गिळतो आणि त्यानंतरच पहिला आकडा दाखवतो.

दुपारी १:००

बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आईचा उपास असल्याने आज घरात गहू नाही. जेवताना बाबांना सकाळची घसरण सांगितली. हात धुऊन ते उठले आणि कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही घेऊन आले.

सप्टेंबर २०१७ चं पान. रिलायन्सने तेव्हाही एकास एक बोनस दिला होता. पानावर आडवी लाल रेघ, पट्टी धरून ओढलेली. रेघेच्या वर निळ्या शाईतले जुने भाव जसेच्या तसे, आणि प्रत्येकाच्या उजवीकडे पेन्सिलीने त्याचा निम्मा आकडा. रेघेखालची वीस दिवसांची सरासरी त्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून सुरू होते. एका ठिकाणी पेन्सिलीचा आकडा चुकला होता, तो खोडरबराने पुसून पुन्हा लिहिलेला. शाईला कुठेच हात लावलेला नाही.

“बाबा, तुम्ही जुने भाव खोडून नवे का नाही लिहिलेत?”

“त्या दिवशी बाजारात जो भाव होता तो होताच की. तो कसा खोडायचा? हिशेबासाठी शेजारी लिहावं.”

दुपारी २:००

माझ्या प्रोग्रॅममध्ये भावांचा एकच रकाना होता. आता दोन केले, एक शाईचा आणि एक पेन्सिलीचा. मूळ भाव कधीच बदलायचा नाही. बोनस, शेअरचं विभाजन अशा घटनांची वेगळी यादी ठेवायची, त्यात तारीख आणि गुणक. पेन्सिलीचा रकाना दर वेळी त्या यादीवरून नव्याने काढायचा. यादीत चूक झाली तर यादी सुधारायची, इतिहास शाबूत राहतो.

मग एक चाचणी लिहिली. कुठल्याही शेअरचे सगळे भाव निम्मे केले तर सरासरीही बरोबर निम्मी झाली पाहिजे. गुणोत्तर रुपयांना रुपयांनी भागून येतं, त्यामुळे सगळे भाव निम्मे झाले तरी ते हलत नाही, आणि पुढची पायरी नुसती अंतर कापण्याची आहे. चाचणी पास झाली. म्हणजे बाबांची पेन्सिल माझ्या सूत्राशी पूर्ण जुळते. आजवरची सरासरी आणि मागचे भाव निम्मे करून पुढे चालू लागलं तरी उत्तर तेच.

दुपारी ३:३०

बाजार बंद झाला. पडद्यावर शेवटच्या सौद्याचा भाव दिसतो, पण तो बंद भाव नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातले सौदे, ज्याचे शेअर जास्त त्याला वजन जास्त, अशी भारित सरासरी म्हणजे बंद भाव. सकाळी मी चालू भाव भरून पाहिला तो चाचणीपुरता. आता प्रोग्रॅमलाच बंधन घातलं : अधिकृत बंद भाव आल्याशिवाय आजचा आकडा काढायचा नाही. दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरा असे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर बाबांनी विश्वास का ठेवावा?

संध्याकाळी ७:००

दारात पणत्या लागल्या. बाजाराची दिवसाची फाइल आली, तिला सगळे भावकॉपी म्हणतात. या जुलैत तिची रचना बदलली, तेव्हा माझे रकाने सरकले होते. त्यानंतर मी रकान्याचा क्रमांक न पाहता नाव पाहून भाव उचलते. यादीत पहिली ओळ लिहिली : रिलायन्स, २८ ऑक्टोबर २०२४, गुणक अर्धा. दुसरी ओळ सप्टेंबर २०१७ ची, बाबांच्या वहीतून.

रात्री ९:००

प्रोग्रॅम पुन्हा चालवला. रिलायन्सची सरासरी सकाळच्या खड्ड्यात पडली नाही. महिनाभर उतरत आलेल्या भावामागे ती आपल्या चालीने उतरत होती आणि आजही तशीच थोडी खाली सरकली. आलेखावर आजच्या तारखेला मी एक बारीक लाल उभी रेघ ओढली. रेघेवर बोट नेलं की त्या दिवसाआधीचा मूळ भाव दिसतो, २,६५५.

बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून ती रेघ पाहिली, बोट नेऊन मूळ भाव वाचला. मग निळी वही माझ्या टेबलावर ठेवली.

“आणखी सहा शेअरांच्या रेघा आहेत यात. त्याही यादीत घाल. मी तारखा सांगतो, तू लिही.”

साडेदहापर्यंत आम्ही लिहीत होतो.