पाण्याखालची जमीन आणि होडीतील नकाशा

हिडकल धरणाच्या पाण्याकडे काठावर उभे राहून पाहिले, तर सारे पाणी सारखेच दिसते. पण त्या पाण्याखाली एकेकाळची शेते, बांध, विहिरी, झाडांचे बुंधे व घरांची जोती आहेत. हुन्नूरचे विठ्ठल मंदिर हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. धरण भरले की ते पाण्यात जाते, उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा वर येते. मासेमारीची जाळी फाटतात व होड्या आपटतात त्या अशाच न दिसणाऱ्या ठिकाणी.

आपल्या भागातील काही शेतकरी बंधू शेतीला जोड म्हणून मासेमारी करतात. कोकणच्या किनाऱ्यावर ट्रॉलरवर ‘फिशफाइंडर’ यंत्र आता नेहमीचे झाले आहे. त्याचे लहान प्रकार धरणातील होडीवरही बसतात. म्हणून ते कसे चालते व कोठे फसवते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

होडीच्या तळाशी बसवलेला एक डबा पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. तो तळाला आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. ठोका जाऊन परत येण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागला, तर खोली साडेसात मीटर, म्हणजे सुमारे 25 फूट. मधे मासा असल्यास त्याची कमान पडद्यावर उमटते. यंत्रात जीपीएस असेल तर आपली होडी नकाशावर कोठे आहे तेही दिसते. काही यंत्रे होडी फिरेल तसतसा खोलीचा नकाशा स्वतःच तयार करतात. त्यातील रेषा म्हणजे आपल्या समपातळी बांधांसारख्याच; एका रेषेवर सर्वत्र खोली सारखी. रेषा दाट असल्या तर तेथे उतार तीव्र आहे असे समजावे.

आता मुख्य सावधगिरी. समुद्राच्या भरती-ओहोटीपेक्षा धरणाची पातळी कितीतरी जास्त चढते-उतरते. 1977 साली पूर्ण झालेल्या हिडकल धरणाची पूर्ण पातळी 2175 फूट. समजा, नकाशा धरण भरलेले असताना केला आणि एके ठिकाणी 40 फूट खोली दाखवतो. आज पातळी 2145 फूट असेल, तर 30 फूट पाणी उतरले. तेथे उरले फक्त 10 फूट. आणि नकाशात 25 फूट खोल असलेला उंचवटा आज पाण्यावर 5 फूट उघडा पडलेला असेल! म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाची पातळी विचारून घ्यावी. ती वर्तमानपत्रातही येते. तेवढा फरक वजा करावा, किंवा यंत्रात सोय असल्यास त्यात भरावा.

दुसरी गोष्ट. पडद्याच्या उजव्या कडेला दिसते तेवढेच आत्ताचे. बाकीचे चित्र मागे टाकलेल्या पाण्याचे असते. यंत्र होडीखालचे सांगते, पुढचे नाही. ताशी 8 किलोमीटर वेगाने 10 सेकंद पडद्याकडे पाहत राहिलात, तर होडी 22 मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्या अंतरात एखादा बुंधा किंवा दुसऱ्याचे जाळे असू शकते. म्हणून होडीत दोघे असावेत. एकाने पडदा पाहून सांगावे, हाकणाऱ्याने नजर पुढेच ठेवावी. एकटे असाल तर आधी होडी थांबवा, मग नकाशा पाहा. अनोळखी पाण्यात वेग कमीच ठेवावा.

जेथे जाळे अडकले, ती जागा यंत्रात खूण करून ठेवावी व सोबत्यांनाही सांगावी. अशा खुणांनी आपला नकाशा वर्षानुवर्षे सुधारतो.

शेवटी, यंत्राने बुडणारा माणूस वाचत नाही. लाइफ जॅकेट होडीत ठेवण्यासाठी नसून अंगात घालण्यासाठी आहे. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचे ढग दिसताच, जाळ्यात मासे असोत वा नसोत, काठ गाठावा. म्हाताऱ्या कोळ्याला पाण्याची जी जाण असते, ती यंत्रात नाही. दोन्हींचा मेळ घालणारा माणूसच संध्याकाळी सुखरूप घरी येतो, आणि घरच्यांना मासळीपेक्षा त्याचीच वाट अधिक असते.