मशीन बंद दिसतेय म्हणजे ती खरंच बंद आहे का? क्रशर आणि बॉल मिलजवळ सुरक्षित काम कसं करतात, जाणून घ्या

एक सोपा प्रश्न. फोनची स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन बंद झाला का? नाही ना. पहाटे पाचचा अलार्म त्याच काळ्या स्क्रीनमधून वाजतो. मेसेज येतो, कॉल येतो. स्क्रीन बंद असते, फोन नाही.

आता हाच प्रश्न दगड फोडणाऱ्या वीस-तीस टनांच्या मशीनबद्दल विचारा. ती थांबलेली दिसते, आवाज येत नाही. म्हणून कोणी आत हात घातला, आणि लांबच्या कंट्रोल रूममधून कोणी स्टार्टचं बटण दाबलं तर? आजचा लेख याच एका गोष्टीवर आहे. क्रशर आणि मिल चालू असताना सगळेच लांब राहतात. माणूस तिच्या अगदी जवळ जातो ते ती थांबल्यावर, म्हणजे अडकलेला दगड काढायला, लायनर बदलायला किंवा साफसफाईला. म्हणून खरी काळजी तेव्हाच घ्यावी लागते.

हा विषय आपल्याकडे कशाला?

कल्याणजवळचं मोहने म्हटलं की एनआरसी आठवते. रेयॉन बनवणारी ही कंपनी 2009 मध्ये बंद पडली. त्याच जागेवर सिमेंट ग्राइंडिंग युनिट उभारण्याचा प्रस्ताव अंबुजा सिमेंटने मांडला आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्यावर जनसुनावणी झाली. प्रदूषणाच्या भीतीने रहिवाशांनी विरोधही केला. तो वाद वेगळा आहे, पण त्यामुळे 'ग्राइंडिंग' हा शब्द मोहन्यात घरोघरी पोचला.

ग्राइंडिंग म्हणजे दळणं. सिमेंटमध्ये क्लिंकर दळतात, खाणीत खनिज दळतात. मशीनचं कुळ एकच. नागपूर-भंडारा पट्ट्यात मॉइलच्या मॅंगनीज खाणी आहेत. गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज हेडरी इथे दळून, पाण्यात कालवून, सुमारे 85 किलोमीटरच्या पाइपलाइनने कोनसरीला पाठवण्याची सोय 2025 मध्ये सुरू झाली. आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्या अनेक मुलांची पहिली नोकरी अशाच ठिकाणी लागते, आणि नवा माणूसच 'बंद दिसतेय ना' म्हणून चटकन पुढे जातो.

दगडाचं पीठ कसं होतं?

खाणीतून आलेल्या मोठ्या दगडात कामाचं खनिज बारीक कणांत अडकलेलं असतं. ते वेगळं करायचं तर आधी दगड लहान करावा लागतो. हे टप्प्याटप्प्याने होतं.

- जॉ क्रशर: याला मोठा अडकित्ता समजा. एक जबडा स्थिर, दुसरा पुढे-मागे हलणारा. मध्ये दगड सापडला की फुटतो. अमेरिकेतल्या एली व्हिटनी ब्लेक यांनी 1858 मध्ये याचं पेटंट घेतलं. तेव्हा गरज होती रस्त्याच्या खडीची.
- कोन क्रशर: खलबत्त्यासारखा. भांड्यात एक शंकू डोलत फिरतो आणि खडी आणखी बारीक होते.
- बॉल मिल: आडवा पडलेला मोठा लोखंडी पिंप. आत स्टीलचे गोळे आणि खनिज. पिंप फिरला की गोळे वर चढतात, खाली कोसळतात आणि मालाचं पीठ होतं.
- कन्व्हेअर बेल्ट: या सगळ्यांना जोडणारा पट्टा.

मिल फार जोरात फिरवली तर गोळे भिंतीलाच चिकटून फिरत राहतात आणि दळण होत नाही. त्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. 4 मीटर व्यासाच्या मिलसाठी तो मिनिटाला साधारण 21 फेरे येतो. मिल त्याच्या पाऊणपट वेगाने, म्हणजे मिनिटाला 16 च्या आसपास फेऱ्यांनी चालवतात. बघताना ती संथ वाटते, पण आत कित्येक टन वजन फिरत असतं.

थांबलेल्या मशीनमध्ये काय शिल्लक असतं?

वीज गेली तरी ताकद जात नाही. ती अशी लपून बसते:

1. फ्लायव्हील: जॉ क्रशरचं जड चाक स्विच बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं.
2. अडकलेला दगड: दोन जबड्यांत दाबला गेलेला दगड म्हणजे दाबून धरलेली स्प्रिंगच. पहार लावून सोडवायला गेलात तर तो उसळून बाहेर येऊ शकतो, नाहीतर जबडा सरकतो.
3. मिलमधला माल: मिल थांबते तेव्हा आतले गोळे एका बाजूला कललेले असू शकतात. मग ती झोपाळ्यासारखी उलटी फिरते, तेही मोटर बंद असताना!
4. कन्व्हेअरचं वजन: पट्टा ताणून धरायला काउंटरवेट लटकवलेलं असतं. चढावरचा भरलेला पट्टा मागेही घसरू शकतो.
5. हायड्रॉलिक दाब: कोन क्रशरच्या पाइपमधलं तेल पंप बंद झाल्यावरही दाबाखाली राहू शकतं.

आणि सहावी गोष्ट म्हणजे लांब बसलेला माणूस. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला स्क्रीनवर फक्त हिरवे-लाल ठिपके दिसतात. तुम्ही आत आहात हे त्याला कसं कळणार?

मग उपाय काय? आपलं स्वतःचं कुलूप!

याला लॉक-आउट टॅग-आउट म्हणतात. अमेरिकेने 1989 मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केला. आज आपल्याकडच्या मोठ्या प्लांटमध्येही हीच पद्धत वापरतात. क्रम असा:

1. सांगा. कंट्रोल रूमला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना कळवा. वर्क परमिट घ्या.
2. रिकामी करून थांबवा. आधी फीडर बंद, मग क्रशर, शेवटी पुढचा बेल्ट. नाहीतर माल आतच राहतो.
3. वीज तोडा. नुसतं स्टॉप बटण पुरेसं नाही. पॅनेलमधला मुख्य ब्रेकर किंवा आयसोलेटरच बंद करा.
4. कुलूप आणि टॅग लावा. टॅगवर नाव, तारीख, काम. पाच जण काम करणार असतील तर पाच कुलपं, आणि प्रत्येकाची चावी ज्याच्या त्याच्या खिशात. फोनचा पिन आपण दुसऱ्याला देत नाही, तशीच ही चावीही द्यायची नाही.
5. लपलेली ताकद काढा. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, हायड्रॉलिकचा दाब सोडा, काउंटरवेट आणि मिल यांत्रिक लॉकने जखडा.
6. तपासा. जागेवरचं स्टार्ट बटण स्वतः दाबून बघा. मशीन हलली नाही तरच काम सुरू करा. चुकीचा ब्रेकर बंद केला असेल तर तो इथेच कळतो.

मिलच्या आत जायचं असेल तर आणखी काळजी. ती बंदिस्त जागा असते. म्हणून आतली हवा तपासून, माल थंड झाल्यावर, बाहेर एक माणूस उभा ठेवूनच आत जातात.

काम संपल्यावर माणसं मोजा, हत्यारं मोजा, गार्ड परत बसवा. मग ज्याने त्याने आपापलं कुलूप काढायचं. शिफ्ट संपली आणि एखाद्याचं कुलूप तसंच राहिलं तर? 'गेला असेल घरी' म्हणून ते कापायचं नाही. आधी तो माणूस कुठे आहे हे शोधायचं. तो अजून आतही असू शकतो.

पुन्हा सुरू करताना

सुरू करण्याचा क्रम उलटा असतो. सगळ्यात पुढचा बेल्ट आधी, मग क्रशर, फीडर सगळ्यात शेवटी. पुढची लोकल हलल्याशिवाय मागची सोडत नाहीत, तसंच. त्याआधी सायरन वाजतो. तो ऐकू आला की जवळ असलेल्या प्रत्येकाने बाजूला व्हायचं. मिल बरेच दिवस बंद असेल तर आतला माल गोळ्यांसकट घट्ट जमून बसतो. थेट सुरू केली तर तो अख्खा गोळा वर जाऊन कोसळतो आणि मिलचं मोठं नुकसान होतं. म्हणून आधी छोट्या मोटरने हळूहळू फिरवून तो मोकळा करतात.

रोजच्या चार सवयी

- फोन आणि इअरफोन लॉकरमध्ये. कानात गाणी असतील तर सायरन ऐकू येणार नाही. रील तर नाहीच.
- सैल काही नको. ओढणी, मफलर, मनगटातला धागा, कडं, अंगठी, सगळं बाहेर. बेल्ट सेकंदाला 2 मीटर धावत असेल तर बाही अडकल्यावर हात काढायला वेळच मिळत नाही.
- चालू बेल्टखाली फावडं घालू नका. सांडलेला माल बेल्ट थांबवून, कुलूप लावूनच काढायचा.
- मास्क नीट लावा. दगडाच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा न दिसणारी बारीक धूळ जास्त खोल जाते. रुमाल बांधून ती अडत नाही.

कायदा काय सांगतो?

1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 21 नुसार धोकादायक फिरत्या भागांना गार्ड सक्तीचे केले होते. कलम 22 नुसार चालू मशीनजवळ जाऊन तपासणी किंवा ऑइलिंग करायचंच असेल, तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या, रजिस्टरमध्ये नाव असलेल्या प्रौढ कामगारानेच आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करायचं, असा नियम होता. ते कपडेही मालकाने द्यायचे होते. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत असे 13 कायदे एकत्र केले आहेत. म्हणजे 'गार्ड काढून टाक, काम पटकन होतं' असं सांगणारा कायद्याच्या विरोधात बोलतोय.

पहिल्या दिवशी विचारायचे तीन प्रश्न

तुमची, तुमच्या भावाची किंवा मित्राची अशा प्लांटमध्ये नोकरी लागली, तर सुपरवायझरला एवढं नक्की विचारा:

1. साहेब, माझं कुलूप कुठलं?
2. ही मशीन कुठून कुठून सुरू होऊ शकते?
3. बेल्ट थांबवणारी पुल-कॉर्ड, म्हणजे ओढायची दोरी, कुठे आहे?

तिन्हींची उत्तरं जागेवर नेऊन, हात लावून दाखवली तर ठीक. 'ते नंतर बघू, आधी तो दगड काढ' असं उत्तर आलं तर दगडाला हात लावू नका. काम अर्धा तास उशिरा झालं तरी चालतं. मशीन बंद दिसतेय म्हणून नाही, तिला तुमचं कुलूप लागलंय म्हणून पुढे जा.