गुहेत भरकटलेला मासा दिसला, तर काय करायचं?

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजमुळे होतोय. त्यांनी एक व्हिडिओ पाठवला होता. मेक्सिकोत पाण्याखालच्या गुहेतून एक डायव्हर चाललाय आणि त्याच्या टॉर्चच्या मागे मागे बोटभर लांबीचा एक चंदेरी मासा. बाहेर ऊन, झाडं, मोकळं पाणी, आणि हा पठ्ठ्या चाललाय काळोखात. खाली प्रश्न होता, "हा वाट चुकलाय ना? मग डायव्हर त्याला पकडून बाहेर का आणत नाही?"

खरं सांगू? मलाही आधी तेच वाटलं. मी काही डायव्हर नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की आपण प्रश्नच उलटा धरलाय.

आधी जागा समजून घेऊ

ही जागा म्हणजे युकातान द्वीपकल्प, टुलुम गावाचा परिसर. जमीन सगळी चुनखडीची. पाऊस पडला की पाणी वरून वाहत नाही, थेट खाली मुरतं. म्हणून वर नद्या जवळजवळ नाहीतच, पण पोटात गुहाच गुहा. कुठे छप्पर कोसळलं की विहिरीसारखा डोह उघडा पडतो, त्याला म्हणतात सेनोट. २०१८ मध्ये तिथल्या साक आक्तुन आणि दोस ओखोस या दोन गुहा एकमेकींना जोडलेल्या आहेत हे सापडलं. तेव्हा मोजलेली एकूण लांबी ३४७ किलोमीटर! मुंबईहून पुण्याला जाऊन परत आलात तरी तेवढं अंतर होत नाही.

आता या सेनोटच्या तोंडाशी, जिथे ऊन पोचतं तिथे, टेट्रा नावाचे छोटे मासे असतात. ते डोळ्यांनी बघून शिकार करतात, म्हणजे उजेड संपला की त्यांची शिकारही संपली. पण आपला डायव्हर येतो तो हातात झगझगीत टॉर्च घेऊन. टेट्रासाठी तो चालता-फिरता सूर्यच! ते त्याच्यामागे निघतात आणि टॉर्चच्या झोतात एखादा आंधळा मासा किंवा कोळंबी आली की झडप घालतात.

थोडक्यात, तो मासा भरकटलेला नाही. त्याला आपणच आत आणलंय.

मग बिघडलं कुठे?

आत राहणाऱ्यांचा विचार करा. आंधळा ब्रोटुला नावाचा एक फिकट, डोळे नसलेला मासा तिथे राहतो. त्याच्यासारखीच आंधळी, सापासारखी दिसणारी आणखी एक जात आहे. दोन्ही मेक्सिकोच्या संरक्षित यादीत आहेत. आत ऊन नाही, म्हणजे वनस्पती नाहीत, आणि अन्न फार तुटपुंजं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जंगलाच्या मातीतून खाली झिरपणाऱ्या मिथेन आणि इतर कार्बनवर जीवाणू जगतात आणि तिथून अन्नसाखळी कोळंबीपर्यंत पोचते. अशा काटकसरीच्या घरात रोज नवे पाहुणे टॉर्च घेऊन आले आणि प्रत्येकाबरोबर चार शिकारी आले, तर काय होईल?

तर करायचं काय?

पहिली गोष्ट, माशाच्या मागे जायचं नाही. तळाशी बारीक गाळ असतो. एक चुकीची लाथ बसली की तो उसळतो आणि समोरचं काही दिसेनासं होतं. बाहेरची वाट दाखवणारी दोरी हातातून सुटली तर माणूस जिवाला मुकतो. शिवाय हवेचा हिशोब ठरलेला असतो: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली संकटासाठी. त्यात 'मासा पकडणे' कुठेच बसत नाही.

दुसरी गोष्ट, टॉर्च बंद करायचा नाही, पण कुठे मारायचा ते आपल्या हातात आहे. आंधळा मासा दिसला की झोत त्याच्यावरून काढा, पुढे चला. फोटोसाठी त्याला दोन मिनिटं उजेडात धरून ठेवणं म्हणजे टेट्राला ताट वाढून देणं.

तिसरी गोष्ट, खायला काही टाकायचं नाही. तोंडाशीसुद्धा नाही. माशांना माणसाची सवय लागली की ते मागे येणारच.

चौथी गोष्ट, परत निघा. उजेड बाहेर गेला तर मासाही मागून बाहेर येण्याची शक्यता आहे. नाही आला, तर तो तिथे राहील किंवा मरेल. ऐकायला कठोर वाटतं, पण मेलेला मासाही तिथे कुणाचं तरी अन्न होतो. मात्र इथे कधी न दिसलेली जात आढळली, तर जागा आणि तारीख टिपून स्थानिक गाइडला किंवा संशोधकांना कळवा.

आता एक गंमत. मासे गुहेत शिरणं हे काही नवीन नाही. ईशान्य मेक्सिकोत याच टेट्राच्या कुळातले मासे फार पूर्वी गुहांमध्ये अडकले, आणि पिढ्यान्‌पिढ्या काळोखात राहून त्यांचे डोळे आणि रंग गेले. अशा सुमारे ३० गुहा माहीत आहेत. म्हणजे निसर्गातही मासे भरकटतात. पण ते कधीतरी होतं. आपण ते रोज, तिकीट लावून घडवतोय. फरक एवढाच, आणि तोच मोठा आहे.

आणि आपल्याकडे?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे मेक्सिकोला चाललोय? बरोबर. पण जमिनीखालचं पाणी आपल्याकडेही आहे. केरळात विहिरींतून आलेले आंधळे, गुलाबी मासे लोकांनी संशोधकांना कळवले आणि त्यातून २०२३ मध्ये होराग्लानिस पॉप्युली ही नवी जात जाहीर झाली. पॉप्युली म्हणजे 'लोकांचा'! त्यामुळे गावच्या विहिरीत कधी असा विचित्र मासा दिसला तर फेकू नका, फोटो काढा, जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा. आणि घरातल्या अ‍ॅक्वेरियमचा कंटाळा आला म्हणून ते मासे विहिरीत किंवा झऱ्यात सोडू नका. तीही एक टॉर्च मारल्यासारखीच गोष्ट आहे: सोडणारे आपण, भोगणारे दुसरेच.