उकिरड्याचे शास्त्र : इंदूरची एक कृषिसंस्था

वृद्ध शेतकरी निधन पावला म्हणजे घरची माणसे त्याच्या मायेची आठवण काढतात, गावकरी त्याच्या सचोटीची साक्ष देतात, गावच्या दप्तरात वारसांची नोंद होते आणि व्यवहार पूर्ववत सुरू होतो. परंतु शेताच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणते पीक कोणत्या पिकाच्या मागे घ्यावे, उकिरड्यातील खत केव्हा मुरले म्हणावे, हे जे ज्ञान त्याने जन्मभराच्या कष्टातून संपादन केलेले असते, त्याची नोंद कोणतेही दप्तर करीत नाही. हे ज्ञान त्याच्या हयातीतच शिकून घ्यावे, त्याला शास्त्राची शिस्त लावावी आणि ते पुन्हा त्याच्यासारख्याच सर्वसाधारण रयतेच्या हाती द्यावे, असा एक विलक्षण प्रयत्न होळकरांच्या इंदुरात 1924 ते 1931 या काळात झाला. ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर ओळखली जाणारी खताची रीत हे त्याचे फळ होय.

या प्रयत्नाचे सूत्रधार अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म 1873 मध्ये इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजचे शिक्षण पुरे करून आणि काही वर्षे वेस्ट इंडीज बेटांत नोकरी करून ते 1905 मध्ये बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हुद्द्यावर रुजू झाले. गव्हाच्या सुधारलेल्या वाणांमुळे त्यांचे नाव झाले. पण त्यांच्या मनावर खरा परिणाम झाला तो आसपासच्या कास्तकारांच्या शेतीचा. औषधफवारणीचे नावही ठाऊक नसलेल्या या लोकांची पिके पुष्कळदा निरोगी असत, हे पाहून त्यांनी विद्वत्तेचा अभिमान बाजूस ठेवला आणि रयत व कीड या दोघांना आपले गुरू मानले. पुढे प्रयोगशाळेतील विभागवारीचा त्यांना उबग आला. बुरशीचा अभ्यास एकाने करावा, किड्यांचा दुसऱ्याने, मातीचा तिसऱ्याने, आणि शेतात उभ्या असलेल्या समग्र पिकाकडे मात्र कोणीच पाहू नये, ही व्यवस्था त्यांना मूलतःच सदोष वाटत होती.

इंदुरात त्यांना आपल्या मनाजोगी संस्था उभारण्याची संधी मिळाली. ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या नावाने 1924 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला होळकर दरबाराने सुमारे 300 एकर जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीने द्रव्यसाहाय्य केले आणि मध्य हिंदुस्थानातील अनेक संस्थानांनी वर्गणीचा भार उचलला. माळव्याची काळी जमीन आणि इंदूरच्या कापडगिरण्या यांचा संबंध लक्षात घेता कापूस हा संस्थेचा मुख्य विषय असणे स्वाभाविकच होते. मात्र हॉवर्ड यांनी कापसाचा विचार कापसापुरता केला नाही. पावसाळ्यात पाणी तुंबून काळ्या मातीतील हवा कशी कोंडते, उतारावरची माती कशी वाहून जाते, बैलांना चारा आणि जमिनीला खत कोठून मिळावे, या सर्व प्रश्नांची एकत्र उकल केल्यावाचून कापूस सुधारणार नाही, अशी त्यांची धारणा होती. मजुरांचे वेतन वेळेवर देणे आणि कामाचे तास बेताचे ठेवणे या गोष्टींनाही ते शेतीशास्त्राचाच भाग समजत.

सर्वांत बिकट प्रश्न खताचा होता. सरपणाच्या अभावी शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात, गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत जिरून जाई आणि पऱ्हाट्या, तुराट्या, गव्हाचे काड, तण, पालापाचोळा हे सारे बांधावर पडून राही किंवा जाळले जाई. चीनमधील शेतकरी शतकानुशतके कोणताही काडीकचरा वाया न घालविता जमिनीचा कस कसा टिकवितात, याचे वर्णन फ्रँकलिन किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1911 मध्ये ग्रंथरूपाने केले होते. हॉवर्ड यांनी त्या दृष्टीला माळव्याच्या गोठ्याची जोड दिली. पऱ्हाट्यांसारखी कठीण काष्ठे गाडीवाटेवर पसरायची, म्हणजे चाकांखाली चिरडून ती मऊ होतात. मग तीच बैलांखाली अंथरायची, म्हणजे शेण आणि मूत्र त्यांत मुरते. गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि चुलीतील राख हीही टाकून द्यायची नाहीत.

हा सर्व माल सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल अशा, उतरत्या काठांच्या खड्ड्यात थरांनी रचला जाई. खोली याहून अधिक नको, कारण तळाशी हवा पोचली पाहिजे. प्रत्येक थरावर शेणकाला, मूत्रमाती आणि राख यांचे मिश्रण शिंपडायचे, आणि दुधाला जसे विरजण लावावे तसे जुन्या खड्ड्यातील अर्धवट कुजलेले द्रव्य त्यात मिसळायचे. आरंभी बुरशीचे राज्य असते, पांढरे तंतू सर्वत्र पसरतात आणि खड्डा तापतो. पुढे जिवाणू काम हाती घेतात. साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा माल उलथापालथा करून पाण्याचा हात दिला, की तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, निर्गंध खत हाती येते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरत असल्यामुळे जमिनीवरच ढीग रचीत. कर्ब आणि नत्र यांचे आरंभीचे सुमारे 33 ला 1 हे प्रमाण अखेरीस 10 ला 1 च्या आसपास येते, हे रसायनशाळेने सिद्ध केले. पण खत तयार झाले की नाही हे ओळखण्यास शेतकऱ्याला रसायनशाळेची गरज नव्हती, हाच त्या पद्धतीचा मोठा गुण होय.

हे कार्य एकट्या हॉवर्ड यांचे नव्हते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. 1905 मध्ये मुंबईत विवाह झाल्यापासून 1930 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत पंचवीस वर्षे या दांपत्याचा संसार आणि संशोधन ही एकच गोष्ट होती. पत्नीच्या मृत्यूनंतर वर्षभरातच हॉवर्ड यांनी इंदूर सोडले. त्याच 1931 मध्ये शेतीतील टाकाऊ द्रव्यांपासून ह्यूमस, म्हणजे कुजून मुरलेले सेंद्रिय द्रव्य, बनविण्याविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यावर सहलेखक म्हणून संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांचे नाव आहे. जगाने हॉवर्ड लक्षात ठेवले; वाडांचा विसर मराठी वाचकाला तरी पडू नये.

ग्रंथापाठोपाठ ही पद्धत चहाच्या मळ्यांत आणि पूर्व आफ्रिकेतील कॉफीच्या बागांत गेली. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेल्या गांधीजींनी संस्थेला भेट दिली, आणि त्यांच्या ‘हरिजन’ पत्राने या खताची माहिती खेड्यांपर्यंत नेली. हॉवर्ड यांच्या 1940 च्या ग्रंथाने इंग्लंड आणि अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या चळवळींना तात्त्विक अधिष्ठान दिले. इकडे बंगलोरला आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी शहरी कचऱ्यासाठी उलथापालथ टाळणारी पद्धत काढली, तर विदर्भातील पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्याची ‘नाडेप’ पद्धत रूढ केली. थोड्या शेणात पुष्कळ खत करावे, हाच विचार नाडेपनेही पुढे नेला.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. तिला मनुष्यबळ लागते, पाणी लागते आणि गोठ्यात जनावर लागते. ज्याच्या दावणीला आज बैलच उरला नाही, त्याला हे शास्त्र पुरते लागू पडत नाही. ह्यूमसाने पीक आणि पशू यांचे रोग जवळजवळ नाहीसे होतील, ही हॉवर्ड यांची श्रद्धा पुराव्याच्या पुढे धावणारी होती. तथापि, जमिनीतून जे घेतले ते तिला परत केले पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत अबाधित आहे.

1959 पासून संस्थेच्या जागी कृषी महाविद्यालय चालते. आधी जबलपूरच्या आणि 2008 पासून ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली ते आले. दरम्यान शहराने त्याच्याभोवती वेढा घातला आणि त्याच्या शेतजमिनीवर इतर प्रयोजनांचा डोळा पडू लागला; 2022 मध्ये या जमिनीसाठी विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले. स्वच्छतेच्या सर्वेक्षणांत 2017 पासून वर्षानुवर्षे देशात पहिला क्रमांक मिळविणाऱ्या आणि ओल्या कचऱ्यापासून इंधन काढणाऱ्या शहराने, कचऱ्याचे सोने करण्याची विद्या आपल्याच हद्दीत शिकविली गेली हे विसरणे शोभणारे नाही. त्या 300 एकरांपैकी जी जमीन अद्याप नांगराखाली आहे, ती नांगराखालीच राहिली पाहिजे. हॉवर्ड, गॅब्रिएल, वाड आणि त्यांना शिकविणारे माळव्याचे अनाम शेतकरी यांचे दुसरे स्मारक बांधण्याची आवश्यकता नाही.