आकाशातला बांध

शेताच्या बांधावरून भांडणे होतात, हे आपल्याला सांगायला नको. वीतभर जमिनीपायी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतात. पण जो बांध डोळ्यांना दिसतच नाही, त्यावरून भांडण होईल काय? अमेरिकेत असे एक भांडण 1958 साली सुरू झाले आणि ते अजून पुरते मिटलेले नाही. ते जमिनीचे नव्हे, बिनतारी बोलण्याच्या जागेचे आहे. एका बाजूला परीक्षा देऊन परवाना घेतलेले लोक. दुसऱ्या बाजूला दुकानातून यंत्र आणून, परवान्याची फिकीर न करता बोलणारे लोक.

आधी ही जागा म्हणजे काय ते पाहू. गाईचे लांब दावे घ्या. एक टोक खुंट्याला बांधा आणि दुसरे हातात धरून हलवा. दाव्यात हेलकावे उठतील. हात सावकाश हलवला तर लांब लांब हेलकावे, भरभर हलवला तर आखूड. बिनतारी यंत्रही असेच विजेचे हेलकावे आकाशात सोडते. ते एका सेकंदात दहा लाख झाले, की त्याला एक मेगाहर्ट्झ म्हणतात. रेडिओचा काटा फिरवला की एक केंद्र जाऊन दुसरे लागते. ते ह्या आकड्यांमुळेच.

आता दोघेजण एकाच आकड्यावर एकदम बोलले तर? दोघांचेही कळत नाही, नुसती खरखर. आम्ही मास्तरकी केली. वर्गात चार पोरे एकदम बोलू लागली की शहाण्याचे उत्तरही ऐकू येत नसे! म्हणून सर्व देशांनी आकड्यांची वाटणी केली आहे. पोलिसांना हे, बोटींना ते, विमानांना आणखी वेगळे. अमेरिकेत ही वाटणी ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ नावाचे सरकारी खाते करते. आपण त्याला बिनतारी खाते म्हणू.

ह्या वाटणीत हौशी लोकांनाही काही पट्टे दिलेले आहेत. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. हे लोक पगारासाठी किंवा धंद्यासाठी बोलत नाहीत. यंत्र जोडायचे, दूरदेशीच्या माणसाशी बोलायचे, पूर-वादळात निरोप पोचवायचे, अशी त्यांची हौस. पण त्यासाठी परीक्षा असते. वीज कशी चालते, यंत्र दुसऱ्याला त्रास न देता कसे चालवावे, हे त्यात विचारतात. पूर्वी पोस्टातली तार ज्या कट्ट-कडकट्ट भाषेत जाई, ती भाषाही यावी लागे. वरच्या परवान्यासाठी एका मिनिटात 13 शब्द घेता आले पाहिजेत. कित्येकांनी रात्री जागून त्याचा सराव केला.

1958 साली बिनतारी खात्याने हॅम लोकांचा 27 मेगाहर्ट्झजवळचा एक पट्टा काढून घेतला. तो सामान्य नागरिकांना दिला. शेतकऱ्याला घरी निरोप द्यायचा आहे, छोट्या दुकानदाराला गाडीवरच्या माणसाशी बोलायचे आहे, त्यांची सोय व्हावी हा हेतू. ह्या सोयीला ‘सिटिझन्स बँड’, थोडक्यात ‘सीबी’, म्हणू लागले. त्यात 23 घरे पाडली. परीक्षा नाही. अर्ज भरा, फी भरा, परवाना घ्या. मात्र यंत्राची शक्ती 4 वॉटच. एवढ्यात आवाज दोन-चार कोस जातो. हॅमला त्या काळी हजार वॉटपर्यंत मुभा होती.

हॅम मंडळींना वाटले, आपल्या वावराचा तुकडा तोडून शेजाऱ्याला दिला. भांडणाचे मूळ इथे आहे.

तरी पंधरा वर्षे फार बोभाटा झाला नाही. 1973 साली अरब देशांनी अमेरिकेला तेल देणे थांबवले. पेट्रोल-डिझेलची चणचण झाली. 1974 साली सरकारने मोटारींना ताशी 55 मैल, म्हणजे सुमारे 88 किलोमीटर, अशी मर्यादा घातली. ट्रकवाल्यांचे पोट वेगावर! मग ते सीबीवरून एकमेकांना सांगू लागले, डिझेल कुठल्या पंपावर आहे आणि पोलीस कुठल्या वळणावर दबा धरून बसला आहे. आता असे बोलताना खरे नाव कोण सांगणार? त्यांनी टोपणनावे घेतली. परवानाही पुष्कळांनी काढला नाही.

ट्रकवाल्यांचे पाहून घरोघरी हे वेड पसरले. 1976 साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ह्याही ‘फर्स्ट मामा’ ह्या नावाने सीबीवर बोलल्या. खात्याकडे लाखोंनी अर्ज येऊन पडले, आणि अर्ज न करणारे निराळेच. एकदा खूप माणसे नियम मोडू लागली, की शिपाई कोणाकोणाला धरणार?

घरे 23 आणि बोलणारे लाखो. आपला आवाज वर निघावा म्हणून कोणी यंत्राला शक्ती वाढवणारी पेटी जोडली. चाराचे शंभर वॉट झाले, कोणाचे त्याहून जास्त. समजा, एकाची गाडी रात्री खड्ड्यात गेली आहे. तो 4 वॉटच्या यंत्रावरून मदत मागतो आहे. त्याच घरात दुसरा शंभर वॉटवर गप्पा हाणतो आहे. पहिल्याची हाक कोणाच्या कानी जाईल? नववे घर संकटासाठी राखून ठेवले होते. पुष्कळ सीबीवाले तिथे पाळी लावून ऐकत बसत. 1962 सालापासून त्यांची संघटनाही होती. म्हणजे मोठ्या आवाजाच्या सीबीवाल्याने पहिले नुकसान केले ते सीबीवाल्याचेच.

दुसरा त्रास टेलिव्हिजनचा. वीणेची तार छेडली की मूळ सुराबरोबर वरचा सूरही बारीक निघतो. बिनतारी यंत्राचेही तसेच. 27 च्या दुप्पट 54, आणि अमेरिकेत दोन नंबरचे टेलिव्हिजन केंद्र 54 पासूनच सुरू होई. जोडलेली पेटी हलक्या प्रतीची असली, की शेजारच्या पडद्यावर रेघाच रेघा! शेजारी बाहेर येऊन वर पाही. सर्वांत उंच तारांचा खांब हॅमच्या घरावर. झाले, त्याचेच दार ठोठवायचे.

“तुमच्यामुळे आमचे चित्र बिघडते.”

“अहो, मी आज यंत्राला हातच लावला नाही!”

कोण विश्वास ठेवणार? परीक्षा देऊन, नियम पाळून, बोल मात्र त्याच्या कपाळी. हॅमचा राग आम्हाला इथे रास्त वाटतो.

तिसरा त्रास खरा बांधाचा. सीबीचा पट्टा 27 मध्येच संपतो. हॅमचा एक पट्टा 28 पासून सुरू होतो. काही लोक यंत्रात फेरफार करून मधल्या रिकाम्या जागेत शिरले, आणि तिथून थेट हॅमच्या पट्ट्यात. सूर्यावर सुमारे 11 वर्षांनी डागांचा भर येतो. तेव्हा ह्या लहरी उंच आकाशातल्या थरावर आपटून हजारो मैलांवर उतरतात. 1979 च्या सुमारास असाच भर होता. घरात बसून परमुलखाशी बोलायचा मोह कोणाला आवरेल? सीबीवाल्यांना दीडशे मैलांपलीकडे बोलायची मनाई होती, पण ती कोण ऐकतो! हॅम लोक दिशा दाखवणारे तारखांब घेऊन अशा घुसखोरांचा माग काढीत. दोन ठिकाणांहून आवाजाची दिशा पाहायची आणि नकाशावर दोन रेघा मारायच्या. त्या मिळतात तिथे यंत्र.

आता दुसरी बाजू. सीबीवाला म्हणे, “आकाश काय यांच्या बापाचे आहे? त्यांना हजार वॉट आणि आम्हाला चार?” त्यातही थोडे तथ्य होते. हॅममधले कित्येक जण सीबीवाल्यांना अडाणी समजून तुच्छतेने बोलत. नवशिक्याला हिणवले तर तो शिकेल कसा? पुढे नावाजलेले कितीतरी हॅम आधी सीबीवरच बोलायला शिकले होते. हे हॅम मंडळींनी लवकर ओळखायला हवे होते.

खात्याने 1 जानेवारी 1977 पासून घरे 40 केली. 1978 साली शक्ती वाढवणाऱ्या त्या पेट्या विकायला बंदी केली. शेवटी 1983 साली सीबीचा परवानाच काढून टाकला. जो कोणी काढीत नाही, तो ठेवून करायचे काय? शक्तीची मर्यादा मात्र राहिली. हॅमकडेही दार रुंद झाले. 1991 पासून एक परवाना कट्ट-कडकट्टशिवाय मिळू लागला, आणि 2007 पासून ती परीक्षा कुठल्याच परवान्याला उरली नाही. इंग्लंडातही आधी चोरून सीबी चाले. तिथे ती 2 नोव्हेंबर 1981 रोजी कायदेशीर झाली.

आपल्या देशातही हॅम आहेत. राजीव गांधी हे परवानाधारक हॅम होते. 26 डिसेंबर 2004 रोजी समुद्राच्या लाटांनी अंदमान झोडपले. तेव्हा भारती प्रसाद ह्या हॅम बाई पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांनी बिनतारीवरून लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. सीबीचा थोड्या शक्तीचा पट्टा आपल्याकडे 2005 साली परवान्यातून मोकळा झाला. मात्र हातात धरायची बोलकी यंत्रे बाजारात कितीतरी तऱ्हेची मिळतात, आणि सगळी मोकळी नाहीत. परवाना लागणारी यंत्रेही परवान्याचे न सांगता विकली जात होती, म्हणून 2025 साली सरकारने घरपोच माल विकणाऱ्या कंपन्यांवर त्याबद्दल बंधने घातली. जत्रेत किंवा रखवालीसाठी कोणी असे यंत्र घेणार असेल, तर खोक्यावरचा आकडा वाचावा. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले थोड्या शक्तीचे यंत्र परवान्यावाचून चालते. आकडा छापलेला नसेल तर दुकानदाराला विचारावे. त्यालाही सांगता आला नाही, तर यंत्र तिथेच ठेवून यावे.