टाकीपासून खाटेपर्यंत
नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी ऑक्सिजनचा तुटवडा नव्हता. टाकीला गळती लागली, पाइपलाइनमधला दाब उतरला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. पुढच्या पंधरवड्यात कर्नाटकातल्या चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात 24 जण दगावले. तिथे मात्र साठाच अपुरा पडला.

आमच्या भागात भालकी, औराद, बसवकल्याणची माणसं उपचारासाठी बीदरच्या ब्रिम्स या सरकारी रुग्णालयात जातात, आळंदची कलबुर्गीच्या जिम्समध्ये, नाहीतर उदगीर, लातूर, सोलापूर गाठतात. दारात पोचल्यावर नातेवाईक विचारतात, 'ऑक्सिजन आहे ना?' माझ्या मते याच्याही पुढचं विचारायला हवं: मुख्य टाकी बंद पडली तर काय?

जगभर मानला जाणारा आयएसओ 7396-1 हा दंडक याचं उत्तर आधीच देतो. पुरवठ्याचे तीन स्वतंत्र स्रोत हवेत: मुख्य, दुय्यम आणि राखीव. पाइपलाइनमध्ये दाब साधारण 4 बार असतो; तो घसरला की अलार्म वाजला पाहिजे, आणि तो ऐकायला तिथे चोवीस तास कुणीतरी पाहिजे.

आता राखीव सिलिंडरचा हिशेब पाहा. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे 7,000 लिटर वायू मावतो. मिनिटाला 10 लिटर लागणारे 20 रुग्ण असतील तर एक सिलिंडर 35 मिनिटांत संपतो. असे दहा जोडून ठेवले तरी सहा तास भरत नाहीत. बल्लारीजवळच्या तोरणगल्लूहून ऑक्सिजनचा टँकर बीदरला यायचा असेल, तर तेवढ्या वेळात तो पोचेलच याची खात्री कोण देणार? कोविडनंतर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे पीएसए प्लांट ठिकठिकाणी बसले, हे चांगलंच झालं. पण ते विजेवर चालतात. त्यांना जनरेटरची जोड नसेल तर वीज गेली की प्लांटही थांबला.

द्रवरूप ऑक्सिजनच्या मोठ्या टाकीला परवाना लागतो. तो पेसो ही नागपुरात मुख्यालय असलेली केंद्रीय संस्था देते. हा ऑक्सिजन जिथे पोचतो त्या इमारतीच्या आगसुरक्षेचे नियम राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या भाग 4 मध्ये आहेत. मात्र राज्याने किंवा स्थानिक संस्थेने ते आपल्या नियमांत घेतल्याशिवाय बंधनकारक होत नाहीत. ही पळवाट मला फार खुपते.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आगीला विलक्षण बळ देतो. हवेत तो 21 टक्के असतो. बंद, वातानुकूलित खोलीत गळतीमुळे तो 23.5 टक्क्यांच्या वर गेला की धोका वाढतो. विरारच्या रुग्णालयात 23 एप्रिल 2021 ला आणि तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला आग लागली ती अतिदक्षता विभागातच. म्हणूनच ऑक्सिजन बंद करणारा प्रत्येक विभागाचा स्वतंत्र व्हॉल्व्ह बाहेरच्या व्हरांड्यात, सहज हात पोचेल असा असावा लागतो. त्याच्यासमोर कपाट किंवा स्ट्रेचर लावून ठेवणं चालणार नाही. तो कधी बंद करायचा, आणि बंद केल्यावर कुठल्या रुग्णाला आधी सिलिंडर लावायचा, हे रात्रपाळीच्या सिस्टरने प्रत्यक्ष करून पाहिलेलं असलं पाहिजे.