रुबिकॉनची वहिवाट

अमेरिकेच्या युटा राज्यातील मोआब या गावाजवळचा प्रदेश लाल खडकांचा आणि खोल दऱ्यांचा आहे. तेथील सरकारी जमिनीवर मोटारींना खुल्या असलेल्या वाटांपैकी ३१७ मैलांच्या वाटा केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्या. आठशेहून अधिक मैल खुले राहिले होते. तरीही जीपवाल्यांच्या संघटना न्यायालयाची पायरी चढल्या. डांबरी सडक सोडून दगडधोंड्यांतून आणि वाळवंटातून गाडी हाकण्याची ज्यांना हौस आहे, अशा लोकांचे हे क्लब आता केवळ शौकिनांची मंडळे राहिलेले नाहीत. वकील देणे, सरकारी सुनावण्यांत हरकती नोंदविणे, लोकप्रतिनिधींना गाठणे ही कामे ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. जमीन जनतेची आहे, मग तिच्यावरची वाट जनतेला बंद का, हा त्यांचा सवाल आहे.

या सवालाच्या मुळाशी असलेली कल्पना महाराष्ट्रातील वाचकाला परकी वाटू नये. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीवर शेजाऱ्याने काटेरी फांद्या टाकल्या की तहसीलदाराकडे अर्ज करावा आणि १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अडथळा दूर करवून घ्यावा, ही रीत येथे जुनीच आहे. अमेरिकेने तर १८६६ च्या एका खाणविषयक कायद्यात सार्वजनिक जमिनीवर रस्ते करण्याचा हक्क एका वाक्यात सर्वांना देऊन टाकला. पश्चिमेकडील ओसाड मुलखात वस्ती वाढावी हा त्यामागील हेतू होता. १९७६ साली ही तरतूद रद्द झाली. तथापि तोवर निर्माण झालेले हक्क अबाधित ठेवण्यात आले. या अपवादाच्या आधारे युटा राज्याने २०१२ च्या सुमारास सुमारे बारा हजार वाटांवर हक्क सांगणारे दावे दाखल केले. त्यांत गुरांनी पाडलेल्या पायवाटा आणि ओढ्यांची कोरडी पात्रेही रस्ते म्हणून दाखविली आहेत, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

पाणंदीच्या वहिवाटीमागे गरज असते. पेरणीच्या दिवसांत बैलगाडी शेतापर्यंत गेली नाही तर वर्ष बुडते. मोआबच्या खडकांवर चढणाऱ्या जीपमागे मात्र हौस आहे. हौसेतूनही वहिवाट निर्माण होते काय, हा या वादातील खरा प्रश्न होय. हौसेला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. गिर्यारोहण हीही हौसच आहे. शिवाय वार्धक्यामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना डोंगर चढता येत नाही, त्यांनी वाहनातूनही रानात जाऊ नये काय, हा क्लबांचा युक्तिवाद सहजासहजी झटकून टाकता येणार नाही. परंतु पायी चालणाऱ्यामुळे मोटारवाल्याचे काहीच बिघडत नाही. मोटारीमुळे मात्र पायी चालणाऱ्याची शांतता जाते, पक्षी उठतात, ओढ्याचे पाणी गढूळ होते. एकाच्या उपभोगाचा खर्च न विचारता दुसऱ्याच्या माथी मारला जातो. युटातील वाळवंटी मातीवर सूक्ष्म जीवांची एक जिवंत खपली असते. ती चाकाखाली एकदा मोडली की पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात जनरल पॅटन यांच्या सैन्याने १९४२ मध्ये सराव केला. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या तेथे अजून दिसतात.

हा खर्च सरकारच्या लक्षात आला तो १९७२ साली. अध्यक्ष निक्सन यांनी त्या वर्षी आदेश काढून वाहनांसाठी जागा ठरवून देण्यास आणि जमीन, पाणी, वन्यप्राणी व इतर लोक यांना होणारा उपद्रव कमीत कमी राखण्यास खात्यांना बजावले. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी, जेथे हानी दिसेल तेथील वाट तत्काळ बंद करावी, अशी पुस्ती जोडली. अंमलबजावणी, जशी सर्वत्र होते तशी, रेंगाळली. खरी उलथापालथ केली ती वनखात्याच्या २००५ च्या नियमाने. तोवर अनेक वनांत बंदीची पाटी नसेल तेथे गाडी नेता येत असे. पुढे, नकाशावर खुली दाखविली असेल तीच वाट खुली ठरली. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. आपली वाट नकाशावर यावी यासाठी कागद, मोजणी आणि साक्ष घेऊन हजर राहणे क्लबांना भाग पडले.

कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सिएरा नेवाडा पर्वतात जॉर्जटाउनच्या बाजूने टाहो सरोवराकडे जाणारी ही सुमारे बावीस मैलांची वाट. एके काळी तिच्यावर खनिज पाण्याच्या झऱ्यांपाशी एक हॉटेल होते आणि तेथवर घोडागाड्या जात. एल डोराडो काउंटीने १८८७ मध्ये तिला सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केले. पुढे हॉटेल गेले, वाट मोडली. १९५३ मध्ये जॉर्जटाउनच्या मंडळींनी गावात चार पैसे यावेत म्हणून तेथे जीपगाड्यांची जत्रा भरविली आणि वाटेचा पुनर्जन्म झाला. महायुद्धात घडलेली ही गाडी मराठी माणसाने प्रांतसाहेबांच्या दौऱ्यांत आणि निवडणुकीच्या प्रचारात पाहिली. जॉर्जटाउनने तिच्यात करमणूक पाहिली.

गर्दी वाढली तशी घाणही वाढली. २००४ मध्ये वाटेवरील स्पायडर लेकचा परिसर मानवी मैल्यामुळे बंद करावा लागला. २००९ मध्ये जलगुणवत्ता मंडळाने काउंटी आणि वनखाते या दोघांनाही आदेश दिला, की ओढ्यांत जाणारा गाळ, सांडणारे तेल आणि मैला यांचा बंदोबस्त करा. वाट कायमची बंद होणार अशी धास्ती होती. क्लबांनी येथे घोषणांपेक्षा फावडी अधिक वापरली. पाणी काढून देणारे आडवे बांध घातले, धुपलेले उतार दगडांनी बांधून काढले, तेल टिपण्याचे साहित्य गाडीत ठेवण्याचा प्रघात पाडला. २०१२ मध्ये वनखात्याने आपल्या हद्दीतील वाटेचा वापरहक्क काउंटीला रीतसर दिला. १८८७ च्या ठरावाने दावा उभा राहिला असेल. तो टिकला मात्र फावड्यामुळे.

पैशाची बाजूही पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्येच चॅपी आणि झेबर्ग या दोन आमदारांच्या नावाचा कायदा केला. चॅपी हे स्वतः जीपचे शौकीन, तर झेबर्ग हे निसर्गरक्षणाचे कैवारी. वाहनांची नोंदणी फी आणि रानवाटांवर जळणाऱ्या पेट्रोलवरील कराचा हिस्सा एका स्वतंत्र निधीत जावा आणि त्यातून वाटांची देखभाल, पहारा व जमिनीची दुरुस्ती व्हावी, अशी ही योजना. जो वापरील त्याने भरावे, हे तत्त्व इतके सरळ अमलात आलेले क्वचितच आढळते. राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा या निधीला सरकारनेच हात घातला, हेही नमूद केले पाहिजे. वाट सांभाळण्यापेक्षा बंदची पाटी लावणे स्वस्त पडते आणि खाती पुष्कळदा स्वस्ताचीच निवड करतात, ही क्लबांची तक्रार अगदीच निराधार नाही.

क्लबांच्या बाजूतील कच्चा दुवा निराळाच आहे. सामायिक मालमत्ता वापरणारे लोक स्वतः नियम करून ती राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखविले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांनी अभ्यासलेल्या कुरणांच्या आणि पाटपाण्याच्या व्यवस्थांत वाटेकरी कोण आणि परका कोण हे ठरलेले असे. रानवाटेवर तसे नसते. क्लबाचा सभासद फावडे उचलतो. शनिवारी भाड्याची गाडी घेऊन येणारा बिगरसभासद नवी चाकोरी पाडून निघून जातो आणि वाट बंद झाली की शिक्षा दोघांनाही सारखीच होते. फुकट्यांचा हा प्रश्न सभासदांना शपथ देऊन सुटत नाही. त्याला पहारा लागतो, दंड लागतो आणि कोठे वाट बंद करणेच योग्य आहे हे मान्य करण्याची तयारीही लागते. प्रत्येक बंद वाट म्हणजे हक्कावरचा घाला, असे मानणाऱ्या संघटनांनी ही तयारी अद्याप दाखविलेली नाही. रुबिकॉनच्या स्वयंसेवकांनी निदान एवढे ओळखले, की येणारी गाडी कोणाच्या क्लबाची हे विचारण्यात अर्थ नाही. मैला परत नेण्याच्या पिशव्या त्यांनी सर्वांना फुकट वाटल्या.